रक्ताचा रिपोर्ट आणि गुरुजींचा खोकला

दवाखान्यात येणाऱ्या वयस्कर माणसांबरोबर हल्ली एक पिशवी येते. पूर्वी तिच्यात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि फार तर एखादा छातीचा फोटो असे. आता कागदांची चळत असते. मुलगा पुण्याला, मुलगी ठाण्याला किंवा परदेशी. त्यांनी फोनवरून व्यवस्था केलेली असते. रक्त न्यायला येणारा तरुण सकाळी सातला दारात हजर होतो आणि रुग्ण माझ्यासमोर बसण्याआधीच त्याचे निदान ठळक अक्षरांत छापून तयार असते. मला त्या मुलांचा राग येत नाही. दूर राहून आईवडिलांसाठी करता येण्यासारखे फार थोडे असते. तपासणीचे पैसे भरणे हा त्यांतलाच एक प्रकार. राग आलाच तर मला माझाच येतो, कारण अशाच एका कागदावर मी एकदा गरजेपेक्षा अधिक विसंबलो होतो.

ही गोष्ट माझ्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची आहे. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे दवाखाना चालवतो. गुरुजींनी मला तिसरी-चौथीत शिकवले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह जुना, प्रकृती काटक. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सूनबाई त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. तक्रार खोकल्याची नव्हतीच. "दोन दिवस जेवत नाहीत, रात्री उठून शाळेला जायचं म्हणतात, आणि काल मोरीत तोल गेला," असे त्यांनी सांगितले. ताप विचारला, तर "अंग कोमट वाटतं" एवढेच.

वृद्धांच्या न्यूमोनियाचे हे ओळखीचे रूप. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला की थंडी वाजून ताप भरतो, छातीत कळ येते, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा कफ पडतो. म्हाताऱ्या शरीरात हा सगळा गाजावाजा करण्याची ताकद नसते. ते नुसते जेवण सोडते, बडबडते, पडते. गुरुजींचे श्वास मी मिनिटभर मोजले, सव्वीस भरले. छातीच्या उजव्या बाजूला खाली बारीक करकर ऐकू येत होती. छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात धुरकट डाग होता. रक्तदाब ठीक, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू चौऱ्याण्णव. घरी ठेवून, रोज पाहून उपचार करता येतील असे वाटले. नेहमीच्या न्यूमोनियावर चालणारे प्रतिजैविक सुरू केले. थुंकी तपासायला पाठवायचे मनात आले होते. पण कफ फारसा पडत नव्हता. "नंतर बघू" म्हणालो. हे दोन शब्द मला पुढे बरेच दिवस आठवत राहिले.

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा मुलगा पुण्याहून आला, तो रिपोर्ट घेऊनच. त्याने परस्पर एका मोठ्या लॅबकडून 'न्यूमोनिया पॅनेल' करून घेतले होते. पाच-सहा जंतूंची नावे, प्रत्येकासमोर 'निगेटिव्ह', आणि एका ओळीत ठळक अक्षरांत 'मायकोप्लाझ्मा न्यूमोनी, आयजीएम : पॉझिटिव्ह'. मुलाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. जंतू सापडला, म्हणजे लढाई अर्धी जिंकली. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले.

मायकोप्लाझ्मा हा विचित्र जीवाणू आहे. इतर जीवाणूंना असते तशी पेशीभित्तिका त्याला नसते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे नेमकी त्या भित्तिकेवरच घाला घालतात, त्यामुळे त्याच्यावर ती निष्फळ ठरतात. रिपोर्टवर विश्वास ठेवायचा तर मी दिलेले औषध चुकीचे ठरत होते. मी ते बदलले आणि आठवड्यासाठी लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिले. चार दिवसांत गुरुजी उठून बसले. रात्रीचे बरळणे थांबले, भाकरी मागू लागले. "पोरा, तुझा हिशेब बरोबर आला," असे म्हणाले. ते मला अजून 'पोरा'च म्हणतात. दिवाळीला ते नातवंडांत बसून फराळ करत होते.

रिपोर्टवरचा तो शब्द नेमके काय सांगत होता, हे इथे थोडे थांबून पाहू.

प्रतिपिंड म्हणजे जंतू नव्हे. जंतू शरीरात आल्यावर त्याच्याविरुद्ध आपल्याच शरीराने तयार केलेले ते प्रथिन. जुन्या धर्मशाळेत येणाऱ्या पाहुण्याची वहीत नोंद होत असे. वही उघडली की अमुक गृहस्थ इथे येऊन गेले हे समजते. ते आत्ता खोलीत आहेत की दोन महिन्यांपूर्वीच निघून गेले, आणि काल रात्री झालेली चोरी त्यांनीच केली का, हे वही सांगत नाही. प्रतिपिंडांच्या तपासणीत आपण खोलीत डोकावत नाही, वही चाळतो.

वहीत दोन प्रकारची शाई असते. आयजीएम ही प्रतिपिंडे आधी तयार होतात, आयजीजी मागाहून आणि बराच काळ टिकतात. म्हणून आयजीएम सापडले की संसर्ग ताजा, असे आम्हालाही शिकवले जाते, आणि ढोबळमानाने ते खरेही आहे. पण मायकोप्लाझ्माच्या बाबतीत ही 'ताजी' शाई कित्येकदा महिनोन्महिने ओली राहते. उलट आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती वहीत उमटलेलीच नसते. साधारण सातव्या दिवसानंतर ती दिसू लागते, आणि रुग्ण तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आमच्याकडे येतो. त्यात म्हातारपणी वही लिहिणारा कारकूनच थकलेला असतो. आयुष्यात पूर्वी हा जंतू भेटून गेलेल्या वृद्धांत पुन्हा संसर्ग झाला तरी आयजीएम तयार होईलच असे नाही. मधुमेह, स्टेरॉइड, मूत्रपिंडाचे विकार यांनी नोंदी आणखी अनियमित होतात. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आले तरी आजार जुना असू शकतो आणि 'निगेटिव्ह' आले तरी आजार असू शकतो.

मग या तपासणीचा खरा उपयोग कसा करायचा? आजाराच्या सुरुवातीला एकदा आणि दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्यांदा रक्त घ्यायचे, दोन्ही नमुने शेजारी ठेवून तपासायचे आणि प्रतिपिंडांचे प्रमाण निदान चौपट वाढले आहे का ते पाहायचे. पहिल्या नमुन्यात १:४० आणि दुसऱ्यात १:१६० असेल, तर हा संसर्ग आत्ताचाच असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. शास्त्र म्हणून हे निर्दोष आहे. अडचण इतकीच, की चार आठवड्यांनी रुग्ण एक तर बरा होऊन बाजारात हिंडत असतो, नाही तर नसतो.

हे शास्त्र निरुपयोगी आहे असे मात्र कुणी समजू नये. १९७६ च्या जुलैत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. ते संपल्यावर दोनशेहून अधिक माणसे न्यूमोनियाने आजारी पडली आणि ३४ जण दगावले. महिनोन्महिने कारण सापडेना. विषबाधेपासून घातपातापर्यंत सगळे तर्क लढवून झाले. शेवटी त्या वर्षअखेरीस जोसेफ मॅकडेड या संशोधकाने जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासायला घेतल्या आणि त्याला एक जीवाणू दिसला. पण तोच गुन्हेगार कशावरून? त्यासाठी आजारातून उठलेल्या माणसांचे रक्त उपयोगी पडले. सुरुवातीच्या आणि नंतरच्या नमुन्यांत त्या जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे वाढत गेलेली आढळली. लिजिओनेला हे नाव या जंतूला पुढे त्या 'लीजन'वरून मिळाले. आणखी गंमत म्हणजे १९६५ आणि १९६८ साली आलेल्या दोन न सुटलेल्या साथींचे रक्त कुणीतरी जपून गोठवून ठेवले होते. तेही तपासले, आणि ती जुनी कोडीही सुटली. साथीचा माग काढताना वही फार मोलाची असते. मंगळवारी सकाळी आजारी म्हाताऱ्याला कोणती गोळी द्यायची, हे ठरवायला मात्र तिचा फारसा आधार नाही.

विद्यार्थिदशेत आमच्या मेडिकलच्या सरांनी याच कुळातली एक जुनी तपासणी वॉर्डात करून दाखवली होती. न्यूमोनियाच्या एका तरुण रुग्णाचे रक्त, गोठू नये असे औषध घातलेल्या नळीत घेतले आणि नळी बर्फात ठेवली. काही वेळाने ती तिरकी धरली, तर काचेवर रव्यासारखे लाल कण. नळी तळहातात धरून ऊब दिली, तसे कण विरघळून गेले. आम्ही पोरे जादूचा खेळ पाहावा तशी पाहत राहिलो. मायकोप्लाझ्माच्या संसर्गात काही रुग्णांत थंडीत रक्तपेशींना चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांची ही करामत. १९४३ पासून ती वैद्यकाला ठाऊक आहे. सर लगेच म्हणाले होते, "आवडलं ना? आता विसरा. हे सगळ्यांत दिसत नाही आणि इतर आजारांतही दिसतं." आम्हाला जादू लक्षात राहिली, सरांचे वाक्य राहिले नाही.

गुरुजींकडे परत येतो. दिवाळी उलटली आणि खोकला पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी अंग मोडून येई, पहाटे उशी घामाने ओली होई. सदऱ्याची कॉलर सैल झाल्याचे सूनबाईंनी मला सांगितले. मुलाने पुन्हा रक्त दिले. रिपोर्ट पुन्हा तोच, 'मायकोप्लाझ्मा आयजीएम : पॉझिटिव्ह'. त्याने फोन करून विचारले, "डॉक्टरसाहेब, इन्फेक्शन अजून गेलं नाही म्हणजे औषध कमी पडलं का? अजून एक कोर्स देऊ या का?" आणि मी तो देणारच होतो. पेन हातात होते.

त्या दिवशी सूनबाई सहज बोलून गेल्या. श्रावणात त्यांच्या घरात सगळ्यांनाच खोकला झाला होता. आधी पाचवीतल्या नातवाला, तो शाळेतून घेऊन आलेला; पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या वडिलांना, मग त्यांना स्वतःला. तीन-तीन आठवडे कोरडा ठसका, बाकी काही नाही. मायकोप्लाझ्मा घराघरांतून फिरतो तो नेमका असाच, सावकाश, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेकाला गाठत. तेव्हा गुरुजींनाही तो गाठून गेला असणार आणि त्यांच्या रक्तात नोंद ठेवून गेला असणार. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता. तो श्रावणातल्या खोकल्याचा होता. दसऱ्याच्या न्यूमोनियाबद्दल त्याने मला काहीच सांगितले नव्हते. मीच तसे वाचले होते.

मी पेन खाली ठेवले आणि सहा आठवड्यांपूर्वी करायला हवे होते ते केले. थुंकी मागितली. सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन खोलवरून खाकरून काढलेला बेडका. तोंडातली लाळ नव्हे. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. थुंकीत क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारे यंत्र काही तासांत उत्तर देते, आणि मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही तेही सांगते. त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी उत्तर आले. क्षय होता. औषधाला दाद देणारा होता, हे नशीब.

माझी चूक दुहेरी होती. फुप्फुसाचा क्षय वरच्या भागात असतो, हे पाठ्यपुस्तकातले चित्र माझ्या डोक्यात पक्के बसले होते. वृद्धांत आणि मधुमेह्यांत तो खालच्या भागातही दिसतो आणि हुबेहूब न्यूमोनियासारखा दिसतो. दुसरी चूक अधिक लागणारी. मी दिलेले लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूलाही काही काळ दाबून ठेवते. एकटे आणि आठवडाभर दिल्याने त्याचा नायनाट होत नाही, पण रुग्णाला चार दिवस बरे वाटते, निदान लांबते, आणि जंतूला त्या औषधाची सवय होण्याचा धोका राहतो. गुरुजी दिवाळीत फराळाला बसले, ते माझ्या अचूक निदानामुळे नव्हे. शक्य आहे की माझ्या चुकीमुळेच.

हे त्यांना सांगणे भाग होते. संध्याकाळी दवाखाना आटोपून मी त्यांच्या घरी गेलो. ते माजघरात खाटेवर होते. त्यांची साडेतीन वर्षांची धाकटी नात रोज रात्री त्यांच्याजवळ झोपे, गोष्ट ऐकल्याशिवाय तिला झोप येत नसे. मी आजाराचे नाव सांगितले, सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, पूर्ण बरे व्हाल असे सांगितले. आपल्याकडून कुठे चूक झाली, तेही सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग नातीकडे पाहून म्हणाले, "अरे पोरा, मग मला हिच्यापासून लांब का नाही ठेवलंस?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बाकीच्यांना काही निघाले नाही. लहान मुलीलाही प्रत्यक्ष आजार नव्हता. पण इतक्या लहान वयात आणि इतक्या निकट सहवासानंतर, आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यावे लागते. ते तिला सहा महिने रोज द्यायचे ठरले. गोळी कुटून पाण्यात कालवून देण्याचे काम आजीने आपल्याकडे घेतले.

क्षयाच्याच बाबतीतला एक इतिहास वाचकांना माहीत असावा. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे क्षयासाठीही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी सर्रास होत असे. हजारो रुपये जात, आणि उत्तर इतके बेभरवशाचे, की निरोगी माणूस क्षयाची औषधे खाई आणि खरा रुग्ण घरी खोकत बसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या तपासण्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. आजही कुणी क्षयाच्या निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडे तपासू म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणावे. टायफॉइडची विडाल तपासणी त्यांचीच थोरली बहीण, १८९६ सालची. 'थोडासा टायफॉइड निघालाय' हे वाक्य आपल्या गावांतून महिन्यातून चार वेळा ऐकू येते, त्याचे मूळ बहुधा एकदाच घेतलेल्या त्या रक्तात असते. त्यावर लिहायचे तर वेगळा लेख होईल.

उलटा प्रकारही घडतो, तो अधिक घातक. एक्याऐंशी वर्षांच्या एका आजींना घेऊन त्यांचे धाकटे चिरंजीव आले होते. आजी अर्धवट झोपेत, श्वास मिनिटाला चौतीस. पिशवीत तेच पॅनेल, सगळ्या ओळी निगेटिव्ह. थोरले चिरंजीव मुंबईहून फोनवर, "सगळं निगेटिव्ह आहे, मग ॲडमिट कशाला करायचं? इंजेक्शनं कशाला?" मी म्हटले, "साहेब, कागद निगेटिव्ह आहे. आईंचा श्वास पॉझिटिव्ह आहे." बोललो ते जरा खोचकच होते, नंतर त्यांची माफी मागितली. आजींना लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. अकराव्या दिवशी त्या घरी आल्या. कोणता जंतू होता ते शेवटपर्यंत कळले नाही. न्यूमोनियाच्या बऱ्याच रुग्णांत तो कळत नाही, मोठ्या रुग्णालयांतही नाही. उपचार त्यासाठी अडत नाहीत आणि अडू देऊ नयेत.

घरात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना मी म्हणूनच रिपोर्टऐवजी घड्याळ हातात घ्यायला सांगतो. माणूस स्वस्थ पडलेला असताना, त्याला न सांगता, पोटाची वरखाली पूर्ण एक मिनिट मोजावी. तीस किंवा अधिक भरली, तर वाट पाहू नये. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज वेळ-काळ विसरला, वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली गेला किंवा खालचा साठ वा त्याहून कमी झाला, तर तेही तितकेच गंभीर. वय पासष्टच्या पुढे असणे हाच एक धोका धरतात. या चार गोष्टींवरून घरी उपचार करायचे की रुग्णालयात, याचा बराचसा निर्णय होतो. प्राणवायूचे यंत्र घरात असेल तर चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेल्यास डॉक्टरांना कळवावे. नव्वदच्या खाली गेला तर गाडी काढावी. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांचे आकडे एरवीच कमी असतात, त्यांची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावी.

रिपोर्ट वाचताना एका शब्दाकडे लक्ष असू द्यावे. 'अँटिबॉडी' म्हणजे वहीतली नोंद. 'अँटिजेन' किंवा 'पीसीआर' म्हणजे जंतूचाच अंश. या दोन शब्दांत कानाला जेवढे अंतर वाटते, त्याहून खूप अधिक अर्थाचे अंतर आहे. लिजिओनेला आणि न्यूमोकॉकस या दोन जंतूंचा अंश लघवीतूनही शोधता येतो, घशातल्या स्रावातून मायकोप्लाझ्माचाही. रुग्णालयातले डॉक्टर गंभीर रुग्णांत ते करून घेतात. त्यांनाही मर्यादा आहेत, पण निदान त्या खोलीत डोकावतात. ज्यांनी न्यूमोनियाची लस घेतली आहे त्यांच्या रक्तात न्यूमोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडे असणारच. लस त्यासाठीच असते. तो आकडा पाहून घाबरायचे कारण नाही. आणि ज्यांनी लस घेतलेली नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे तिचा आणि दरवर्षीच्या फ्लूच्या लशीचा विषय जरूर काढावा.

न्यूमोनियातून उठल्यावर छातीच्या फोटोतला डाग लगेच जात नाही. म्हातारपणी सहा ते बारा आठवडेही लागतात, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा फोटो काढून धास्तावू नये. पण खोकला, ताप किंवा वजन घटणे चालूच राहिले, तर दीड महिन्याने फोटो पुन्हा काढलाच पाहिजे. आणि खोकला दोन आठवडे टिकला की थुंकी. रक्त नव्हे, थुंकी. हे मी आता माझ्या टेबलाच्या काचेखाली माझ्यासाठीच लिहून ठेवले आहे.

गुरुजींच्या गोळ्या वैशाखात संपल्या. मधल्या काळात साखर वाढली, एकदा कावीळ तर होत नाही ना अशी शंका आली म्हणून यकृताची तपासणी केली, ती ठीक निघाली. वजन सहा किलोंनी वाढले. पहिले काही आठवडे ते बाहेरच्या सोप्यात, वारा खेळता राहील अशा जागी झोपत. नातीला गोष्ट हवी असे, म्हणून ती उंबऱ्याच्या आत आजीच्या मांडीवर बसे आणि हे तोंडाला रुमाल बांधून बाहेरून सांगत. तिची शेवटची गोळी झाली त्या दिवशी ते तिला घेऊन दवाखान्यात आले. सोबत ते दोन्ही जुने रिपोर्ट होते. म्हणाले, "हे तुझ्याकडेच ठेव." मी ते घेतले. नातीने टेबलावरची नळी ओढून स्वतःच्या कानाला लावली आणि आजोबांना मोठा श्वास घ्यायला सांगितले.